चढाचं पाणी

रामबागेत आमच्याकडे पाणी दिवसाआड.
पहाटे साडेपाचला नळ आधी खोकतो,
दोनदा, कधी तीनदा,
मग धार.
बाबा म्हणायचे, हसू नका, दमलंय ते,
अख्खा विंध्य चढून आलंय.

एकतीस वर्षं ते खाली, नर्मदेकाठी, पंपावर.
नदीला डोंगर चढवायचा, नोकरी एवढीच.
उजवा कान त्यात गेला.
निवृत्तीनंतरही त्या कानात मोटार चालू असायची;
वीज गेली की गल्लीतले पंखे थांबत,
बाबांची मोटार नाही.

त्याच डोंगरातून मी आता बोगदा मोजते.
नकाशात तो सरळ आहे, पट्टीनं आखलेला.
घाट मात्र सव्वीस वळणांचा,
आणि दर वळणाला एक शेंदरी दगड,
कुणाच्या तरी ट्रकचा, कुणाच्या तरी बापाचा.
बोगदा झाला तर हे दगड वाढायचे थांबतील,
असं मी अहवालात लिहिलंय, आणि ते खरं आहे.

हेही खरं आहे:
आपला काळा पहाड दिसतो तसा एकसंध नाही.
लाव्हाचा एक थर, मग काही हजार वर्षांची उसंत,
मग वर दुसरा थर.
त्या उसंतीची माती मधल्यामध्ये भाजून निघाली,
विटेसारखी लाल, वीतभर, कुठे हातभर.
पाऊस भेगाभेगांतून उतरतो,
त्या लालीवर येऊन अडतो, आडवा होतो,
आणि चालत चालत कड्याशी बाहेर पडतो.
मनगटाएवढी धार.
लोक तिला झिरी म्हणतात.
कुंडीपुऱ्याच्या एकशे बारा घरांना ती एकच.

आमची रेघ त्या लालीतून जाते.

झमकूबाईला सांगायला गेले.
वाटलं, रडेल, नाहीतर दगड तरी उचलेल.
दोन्हीची मी थोडी तयारी केली होती.
तिने खाटेवरच्या मिरच्या सरकवून मला जागा केली.
म्हणाली, सतराव्या वळणावर कंटेनर आडवा झाला होता.
सून जीपमध्ये, दिवस भरलेली.
जीप जागची हलेना.
पोर तिथेच झालं.
सून घरी आली नाही.
अंगणात तो पोरगा सायकलचं चाक काठीनं पळवत होता.
नाव घाटसिंग.

रस्ता कर, म्हणाली.

मग मला घरामागे घेऊन गेली.
तिथून आमचा नळ जातो, इंदूरचा,
माणूस उभा मावेल असा लोखंडी,
काँक्रीटच्या खुरांवर डोंगर चढणारा.
तिनं त्यावर कान टेकवला, मलाही टेकवायला लावला.
रात्रंदिवस जातं, म्हणाली, आमच्या दारावरून.
आम्हाला एक तोटी नाही.
तुझ्या गावचं कुणी कधी
या बाजूनं ऐकलंय?

मी टेकवला होता उजवाच कान.

सोमवारी दुसरी रेघ आखली,
लालीच्या चाळीस मीटर खालून, जराशी वाकडी,
आणि भलतीच महाग.
तरी झिरी वाचेलच असं नाही,
भेगा काही आमचे नकाशे वाचत नाहीत.
शेवटी एक पान जोडलं, तोटीचं.
दुबेजींनी चष्मा कपाळावर चढवला:
मॅडम, एक सौ बारा घर?
मी म्हटलं, हो. मोजून आलेय.
त्यांनी फाइल बंद केली नाही,
उघडीही ठेवली नाही,
मध्ये चष्म्याचं घर घालून ठेवून दिली.
आज अकरावा दिवस.

आज पाण्याचाही दिवस.
साडेपाचला नळ खोकला,
दोनदा. मग तिसऱ्यांदा.
मी वाकून कान लावला.
खूप खालून, काहीतरी, अजून चढत होतं.

आतून आई ओरडली,
अगं, बादली लाव ना,
वाया जातंय.