मक्षिकास्थाने मक्षिका

येवदोकिम ग्ल्याझिन. हे नाव
मी आठव्या वर्षी एका दमात म्हणायचे,
पाहुण्यांसमोर, पाढ्यासारखं.
भावे हायस्कूलच्या भिंतीला लागून
पुस्तकांची निळी गाडी उभी राहायची.
सव्वा रुपयात गुळगुळीत कागद, सरसाचा वास,
आणि मलपृष्ठावर एक अख्खं आयुष्य, चार ओळींत:
बाप नदीत दिवे लावायचा,
बोटींना उथळ पाणी कळावं म्हणून.
मुलगा चित्रकलेचा मास्तर झाला.
लढाईत दोन बोटं गेली.
मुलांसाठी अकरा पुस्तकं लिहिली.

अकरातलं आमच्याकडे एकच.
त्यातला म्हातारा दिवेवाला परगावी जातो,
"चार दिवस सांभाळ" म्हणतो साळिंदराला,
आणि ते इवलंसं, नाकाला काजळी लागलेलं,
रोज तिन्हीसांजेला होडी ढकलतं.
सहा दिवे.
चार दिवस होतात. चाळीस होतात.
नदी काठाकडून गोठत येते.
शेवटचं पान अजून पाठ आहे:
साळिंदरानं सहावा दिवा लावला.
घरी आलं, आणि म्हातारबाबांचं ताट झाकून ठेवलं.

आमच्याकडेही एक ताट झाकलेलं असायचं.
अण्णा खडकीच्या कारखान्यात, दुसरी पाळी;
बारानंतर जिन्याशी सायकल लागल्याचा आवाज.
मला वाटायचं, रशियातही
आमटी अशीच गार होत असणार.

त्या ताटापायी मी रशियन शिकले.
रानडे इन्स्टिट्यूट, संध्याकाळचा वर्ग,
"विभक्त्या सहाच आहेत, आपल्या आठ,
घाबरता काय?" म्हणणाऱ्या बाई.
चाळिशीत कुणीतरी मॉस्कोहून मूळ पुस्तक आणून दिलं.
मी रिक्षातच उघडलं, शेवटून.

साळिंदरानं सहावा दिवा लावला.
टिंब.
खाली छापखान्याचा पत्ता.

पानं मोजली. उजेडात धरून पाहिली.
साळिंदरसुद्धा नव्हतं ते खरं तर,
ओंजळीत मावेल असा कुणी काटेरी जीव,
ज्याला आपल्याकडे रुळलेलं नाव नाही.

अनुवाद: अनसूया दाबके. मुंगीएवढ्या टायपात.
नारायण पेठेत त्यांची भाची भेटली.
"मावशी? पदरचं घालणारी बाईच नव्हे ती.
मक्षिकास्थाने मक्षिका!
मूळ लेखकाची चूकसुद्धा चूक म्हणून उतरवायची."
वही दाखवली. साळिंदराआधी तीन शब्द खोडलेले.
ताटाच्या ओळीत खाडाखोड नाही.
"एकटीच राहायची. ताटं मात्र दोन.
आम्ही हसायचो."
एवढं बोलून भाची चहा टाकायला आत गेली
आणि बराच वेळ आली नाही.

ग्ल्याझिनची पुढची हकिगत मला उशिरा कळली,
नव्या आवृत्तीच्या लांबलचक प्रस्तावनेत.
पाचव्या आणि सहाव्या पुस्तकाच्या मध्ये सात वर्षं.
त्यांना तिथे एकच शब्द: खंड.
कुठे होता, नाही.
परतल्यावर दार कुणी उघडलं, नाही.
दिव्यांची गोष्ट त्यानंतरची.
आपल्या चार ओळींत तर खंडही नव्हता,
मग दाबकेबाईंना कुठून कळलं
की इथे कुणीतरी जेवायचं राहिलंय?
का त्यांना काहीच कळलं नव्हतं,
आणि हात आपोआप झाकणाकडे गेला?

आता अप्पा बळवंत चौकातले प्रकाशक म्हणतात,
बाई, नवा अनुवाद करा, मुळाबरहुकूम.
मी तळटीप सुचवली.
"मुलांच्या पुस्तकात तळटीप? छे."

केला. साळिंदर ठेवलं, म्हातारा ठेवला,
नदी गोठवली.
सहावा दिवा लावून टिंब दिलं, मुळाबरहुकूम,
आणि चित्रकाराला फोन केला:
शेवटच्या चित्रात खिडकीतून आतलं टेबल दिसू दे.
त्यावर काय, ते तुम्ही ठरवा.
काहीतरी झाकलेलं असलं तर बरं.