अलाइनमेंट

दारव्हा रोडवर, जिथं एसटी थांबते पण सहसा कोणी उतरत नाही,
तिथं इस्राईलचाचाचं पंचरचं दुकान.
दुकान म्हणजे कडुलिंबाला टांगलेला एक टायर,
खाली पाण्याचा टब.
त्या टायरपासून कॅनॉलच्या पुलापर्यंत चारशे मीटर.
माप आमचंच. सायकलच्या व्हॉल्व्हला लाल चिंधी बांधून
मी नि प्रमिला मडावी फेरे मोजत गेलो होतो,
एकशे ब्याऐंशी.
जाऊन-येऊन आठशे. पोलीस भरतीला मुलींना तेवढंच लागतं.

आमच्या शाळेत गोळाफेकीचा गोळा म्हणजे किराण्यातलं पाच किलोचं वजन,
सोमवारी परत द्यायचं.
भाला मेळघाटातल्या बांबूचा, टोकाला घासलेला फाळ.
आणि बूट एकच जोड, सात नंबर,
खडूनं पांढरा केलेला.
ज्याची शर्यत त्याचे बूट. पाय लहान असला
तर पुढं कापूस कोंबायचा. कापसाला तोटा नव्हता.
ढोक सर म्हणायचे, रिलेत बॅटन कशाले देता बे,
बूटच देत जा.

माझे स्वतःचे पहिले बूट दिग्रसच्या बाजारातले,
महिन्यात उसवले.
चाचाकडे चिकटवायला नेले तर त्यानं फाटलेलं पाहिलंच नाही.
बूट उलटा केला, तळव्यावरून अंगठा फिरवला,
ट्रकवाल्यांच्या टायरवरून फिरवतो तसा.
"पाय, बाहेरून घासला. डावाच.
चाक आउट हाये तुहं."
मग म्हणाला, पळून दाखव.
आणि डोळे मिटून बसला.
मी पुलाला हात लावून आले, धापा टाकत,
तो अजून डोळे मिटूनच.
"डावा उशिरा पडते."

पहिला जोड त्यानं ट्रकच्या टायरचा केला.
एकेक बूट शेळीच्या पिलाएवढा.
दुसरा नुसत्या ट्यूबचा. त्यात पाय बुडायचा,
रस्ता सापडायचाच नाही.
तिसऱ्याला लुनाचा टायर, आत ट्यूबचे तीन थर,
डाव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला चार.
तो एक थर. त्याच्यासाठी दीड महिना गेला,
दोनदा सोल्यूशन संपलं,
एकदा चाची म्हणाली, पोरीचा पाय सोडा, गिऱ्हाईक पाहा.

खिळे नंतर आले, पावसाळ्यात.
काळी माती पहिल्या शंभर मीटरमध्येच
तुमच्या बुटावर दुसरा बूट चढवते.
त्यानं सायकलचे स्पोक तोडून टोकं काढली,
एकेका बुटाला सहा.

यवतमाळला ग्राउंडच्या गेटवर हवालदारानं बूट उलटे केले.
खिळे चालत नाहीत.
एका ऑटोवाल्याची पक्कड मागून बाराही उपटले,
बारा भोकांत मुरूम भरत पळाले.
तीन सेकंद कमी पडले. यादीत नाव नव्हतं.

पुढच्या साली होतं. तेव्हा पायात दुसरेच बूट होते,
पण डाव्यात, आतून, तो चौथा थर
मी स्वतः कापून घातला होता.

आता नागपुरात ड्युटी आहे.
परवा एका शोरूममध्ये पोरानं मला काचेवर उभं केलं,
पडद्यावर माझे तळवे हिरवे-लाल दिसले.
मॅडम, तुमचा डावा पाय बाहेर झुकतो,
त्याच्यासाठी नवीन टेक्नॉलॉजी आली आहे.
मी म्हटलं, हो, माहीत आहे, जुनीच आहे.
त्याला वाटलं मी भाव करतेय.
साडेआठ हजार. घेतले.

सुटीत चाचाला दाखवायला नेले.
नजर गेलीय त्याची, म्हणून बोटांनी वाचले:
टाच, कड, पुन्हा टाच.
मग काही कळायच्या आत उजवा बूट टबात बुडवला
आणि ओल्या कानाशी धरून दाबला,
बुडबुडे शोधत.
"हवा भरली हाये याच्यात."
बराच वेळ गप्प. मग हसला, उरलेल्या दातांनी.
"पंचर झाला तं इकडंच आणजो."