अर्धी गोळी

डॉक्टर म्हणाले, हात पुढे धरा,
गाडी थांबवतात तसा.
बाबांनी धरला.
एकोणतीस वर्षं नागपाड्याच्या सिग्नलला धरलेला.
पंजा फडफडला, दोरीवरच्या ओल्या रुमालासारखा.
सायकलसुद्धा थांबली नसती.

लिव्हरचं आता काही होणार नाही, म्हणाले.
पाण्याची गोळी वाढवली तर पोट उतरेल,
पण क्रिएटिनिन चढेल.
कमी केली तर पायजम्याची नाडी
पुन्हा पुरणार नाही.
"घरी बघून तुम्हीच ठरवा."
केईएमच्या बाकावर मी, बारावी कॉमर्स.

गोड सिरप तीनदा दिलं की
त्यांना माझं नाव आठवतं, वार आठवतो,
आणि दिवसभर संडासाच्या दाराशी
माझी माफी मागत राहतात.
दोनदाच दिलं की लाज नसते.
मला हवालदार कोरगावकर समजून
ड्यूटी बदलून मागतात,
अगदी मजेत.

रात्री ओट्यावर सुरी.
गोळीचे दोन तुकडे कधी सारखे होत नाहीत.
मोठा कुठला, ट्यूबखाली बघत बसते.

मागून आवाज, जुना, खणखणीत:
"मध्ये काय उभ्या राहिलात?
आधी एक साइड सोडा."