चारशे बारावी ओळ

माझं काम एवढंच: स्पेसबार दाबणं.
मालीहून आलेल्या त्या सिनेमावर अक्षरं नव्हती.
ती माझ्या लॅपटॉपमध्ये, नंबर घातलेली;
मागच्या काचेच्या खोपटातून
पडद्याखालच्या काळ्या पट्टीवर एकेक सोडायची,
तिकीटखिडकीतून सुटे पैसे सरकवावेत तशी.

बांबारा मला येत नाही.
येतं ते ओठ बघणं, बोट तयार ठेवणं.
मिरजेला बाबा तंबोऱ्याची जवारी लावायचे
तेव्हा घरात कुणी ब्र काढायचा नाही.
तार छेडण्याआधीचा तो क्षण
मला तेव्हापासून ओळखू येतो.

ग्लासगोत त्या शुक्रवारी पाऊस आडवा.
लोकांनी ओले कोट खुर्च्यांच्या पाठीवर टाकले
आणि अख्ख्या थिएटरला मेंढरांचा वास आला.
पडद्यावर दोघी बायका, उखळ एक, मुसळं दोन,
एकीचं वर, एकीचं खाली.
मी ओळ सोडली: धान्य संपत आलंय.
धान्य कसलं, बाजरी होती ती!
कणसं तर दिसत होती.
पण कागदावर होतं ते सोडायचं, आपण कोण.

मग चाळिसाव्या मिनिटाला
शिंक आली आणि बोट दोनदा पडलं.
सासूच्या तोंडी सुनेचं,
सुनेच्या तोंडी बकरीवाल्याचं,
बकरीवाला म्हणतोय, मला दिवस गेलेत.
कुणी हसेना. स्कॉटिश लोक सभ्य,
त्यांना वाटलं असेल, हे असंच असतं तिकडे.
उखळात डोकं माझं, मुसळ कुणाचं विचारू?

तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक हसू,
एकट्याचं, जाडं, खोकल्यावर संपणारं.
मी यादीत विनोद शोधला. तीनशे अठ्ठ्याऐंशी.
तिथून पुढे मी त्या टोपीच्या मागे मागे गेले.
तो हसला की दाबायचं,
तो पुढे वाकला की थांबायचं.

चारशे बारा. कोरी.
अनुवाद करणाऱ्याने नुसती तिरकी रेघ मारलेली.
विहिरीपाशी म्हातारी, निघालेला मुलगा,
आणि तिचे पाच-सहा शब्द.
पट्टी काळीच राहिली.
चौथ्या रांगेत त्याने टोपी काढली.

बाहेर कर्स्टी पोस्टर गुंडाळत होती.
मी त्याला गाठलं. फोदे सांगारे,
इस्पितळात रात्रपाळीला स्ट्रेचर ढकलणारा.
ती काय म्हणाली?
त्याने इंग्रजी चाचपली, मग फ्रेंच,
मग हातांनी काहीतरी बांधल्यासारखं केलं, सोडलं.
घड्याळ बघून म्हणाला, माझी पाळी आहे,
पुढल्या वर्षी सांगतो.

या वर्षी महोत्सवाच्या फिती पिवळ्या.
सिनेमा इथियोपियाचा, भाषा अम्हारिक.
तो आला, तीच रांग, तीच टोपी.
त्याने विषय काढला नाही, मीही नाही.
अंधार झाल्यावर लक्षात आलं,
आज त्यालाही यातलं काही कळत नाही.
मान खाली, पट्टीवर.
पुढे बसलेल्या तीन इथियोपियन मुली आधी हसतात,
हा मागाहून, सगळ्यांबरोबर, एक श्वास उशिरा.

पुढचा विनोद मला पाठ होता.
न्हावी अजून तोंड उघडत होता
तेव्हाच मी ओळ सोडली.