नऊ हातांचा

चाळीस वर्षं मी ऑक्टोपस शिजवला,
कार्बायिन्योच्या जत्रेत, तांब्याच्या हंड्यात.
उकळत्या पाण्यात तीनदा बुडवायचा, तीनदा वर काढायचा
(आम्ही त्याला घाबरवणं म्हणतो),
मग द्यायचा सोडून आत, त्याचा तो.
कात्रीनं कच् कच् लाकडी ताटलीत,
वर जाडं मीठ, तिखट, तेलाची धार.
त्याचे आठही हात माझ्या बोटांना पाठ.

आणि आता दर गुरुवारी
चर्चमागच्या हॉलमध्ये देल्मिरा मला म्हणते,
"ओब्दुलिया, हा ऑक्टोपस नाही. हा बटाटा आहे."

देल्मिरा करखात्यात होती.
नोकरी सुटली, हिशेब सुटला नाही.
टाके मोजते पावत्या तपासल्यासारखे.
डोक्यात फट नको, आतला कापूस बाळाच्या तोंडात जाईल.
हात ताणून बावीस सेंटिमीटर, वर एक दोराही नको,
गळ्याभोवती गुंडाळेल.
सूत सुतीच, साठ अंशांवर धुतलं तरी रंग न सोडणारं.
पट्टी टेबलावर कायम.
आम्ही सात जणी, आणि एलादियो,
जो जन्मभर ट्रक हाकत होता
आणि ज्याचा टाका सगळ्यांत एकसारखा.

बाळं ओरेन्सेच्या इस्पितळात, काचेच्या पेट्यांत.
मी पाहिलेली नाहीत.
एकदा इरिया नर्स आली, तिनं दोन तळवे समोर धरले,
"एवढं."
मी मनात वजन केलं. सवय.
नऊशे ग्रॅम. दोन ताटल्या.
आणि जीभ चावली, बोलले नव्हते तरी.

नळ्या ओढतात ती, इरिया म्हणाली,
नाकातली, मनगटातली, हाताला लागेल ती.
आत होती तेव्हा नाळ धरायची सवय असणार.
काही मऊ, वळलेलं मुठीत दिलं की नळी सुटते.
"खरं-खोटं डॉक्टरांना विचारा.
माझ्या पाळीत नळ्या कमी निघतात, एवढं मला दिसतं."

साखळी पहिल्याच दिवशी जमली.
मुका खांब जमेना. नाव ऐकून वाटलं होतं सोपा असेल,
गुपचूप उभा राहील.
सुई मुठीत धरायचे मी, कात्रीसारखी,
आणि सूत इतकं आवळायचे
की दुसऱ्या ओळीत सुई शिरायला जागा नाही.
"सैल," एलादियो म्हणायचा, "सैल सोड, बाई,
पळून जाणार नाही ते."

दोन महिन्यांनी माझा पहिला पुरा झाला. पिवळा.
देल्मिरानं उलटा केला, सुलटा केला, मोजलं.
पुन्हा मोजलं.
"नऊ."
चाळीस वर्षांत जी चूक समुद्रानं केली नाही ती मी केली.
"उसव," ती म्हणाली.
माझा हात उसवायला गेलासुद्धा.
"एक जास्तीचा असला तर बिघडलं काय?" एलादियो,
मान वर न करता. "धरायलाच आहेत ना?"

देल्मिरानं नियमांचा कागद काढला. चष्मा पुसला.
लांबी होती, धुणं होतं, कापूस होता.
हात किती, ते कुठेच नव्हतं.
कागद पालथा घालून मागचंही वाचलं.
मग पट्टी लावली, एकेकाला. नऊच्या नऊ बावीसच्या आत.
"जाऊ दे," ती म्हणाली.
करखात्यात असं कुणाला सोडलं नसेल तिनं.

ऑगस्टात जत्रा. हंडा आता सुनेचा,
मी फक्त मदतीला.
तिसऱ्यांदा वर काढला तेव्हा त्याचे हात वळत गेले,
टोकापासून, घट्ट, अगदी
जसे वळावेत म्हणून मी सुताशी भांडले होते.
कात्री हातात. मी मोजत राहिले.
सहा, सात, आठ.
"आई, गिऱ्हाईक उभं आहे."
कापला. तिखट जरा जास्तच पडलं.

गुरुवारी पांढऱ्या सुतावर तांबडं बोट उमटलं.
देल्मिरानं काही न बोलता साबण पुढे केला.
मी तीनदा हात धुतले
आणि सुई उचलली.