सात दिवस, चार अंशांवर

नळीवरच्या लेबलात नाव चुकलंय :
मुकादमचं मुगादम झालंय.
शरफुद्दीन, वय अठ्ठावन्न, गाव बाणकोट,
मुक्काम रास अल खैमा,
डोंगर फोडणाऱ्या कंपनीत
बावीस वर्षं क्रशरच्या तोंडाशी.

काल मीच त्याच्यावर ओरडत होते :
फुंका, फुंका, अजून, सोडू नका, अजून.
त्यानं मधेच तोंडातली नळी काढली, ओशाळून हसला.
"एका दमात शीड चढवायचो मी, बाई.
खाडीतून थेट समुद्रात."
पडद्यावरची रेघ जराशी चढली
आणि लगेच खाली झुकली,
हातातून सुटलेल्या दोरीसारखी.

रात्री दोन वाजता मशीननं आकडा दिला.
सीआरपी बेचाळीस.
शेजारी छापलेलं असतं : पाचच्या आत.

हे प्रथिन फुप्फुसात होत नाही, यकृतात होतं.
फुप्फुस फक्त निरोप धाडतं,
इंटरल्यूकिन सहा, सहा नंबरचा निरोप्या.
आठ नंबरचा दुसरा, तो पांढऱ्या पेशींना उठवतो :
धावा, घरात कुणी शिरलंय.
त्या धावतात. हत्यारं काढतात.
पण शिरलेली असते दगडाची भुकटी,
आणि दगडाला मारायचं कसं?
मग हाताला लागेल ते कापत सुटतात,
आणि हाताला लागतात घरच्याच भिंती.

शरफुद्दीन राहतो ती खोली मी पाहिलीय.
एका हॉलचे प्लायवूड ठोकून नऊ भाग,
प्रत्येकात एक खाट, एक खुंटी, एक चार्जर.
मागं बलदियाची माणसं आली,
दुपारभरात सगळं पाडून गेली.
हॉल केवढा मोठा दिसायला लागला,
आणि नऊजणांना रात्री जागा उरली नाही.

छातीत असंच झालंय त्याच्या.
कोट्यवधी बारीक खोल्या, मधल्या भिंती विरघळलेल्या,
आत हवा भरपूर,
घ्यायला जागा नाही.

हे त्याला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.
सकाळी तो रिपोर्ट न्यायला आला,
इस्त्रीचा शर्ट, कानामागे अत्तराचा फाया,
काउंटरला धरून तीन श्वास घेतले,
मग बोलला.
"बेचाळीस? म्हणजे पास की!
पस्तीसला पास धरतात ना आपल्याकडं?
दहावीला गणितात एकतीस पडले होते मला.
चार मार्कांसाठी इथं आलो."

मी म्हटलं, चाचा, हा आकडा कमी असावा लागतो.
तो कागदाकडं बघत राहिला.
कंपनीच्या माणसानं आधीच सांगितलं होतं त्याला,
वीझा पुढं वाढणार नाही, तिकीट शुक्रवारचं.
"असू दे," म्हणाला. "नातवाला दाखवीन.
आजा आखातात बेचाळीसनं पास झाला म्हणून.
त्याला कुठं इंग्रजी येतंय अजून."
घडी घालून कागद खिशात ठेवला,
पंपाच्या शेजारी.

नमुना सात दिवस ठेवायचा असा नियम आहे.
फ्रिज नंबर दोन, चार अंश, खालून तिसरा कप्पा.
चौथ्या दिवशी तो उडाला.
पुढचे तीन दिवस दोन ठिकाणी होता :
बाणकोटला, जेट्टीच्या पायऱ्या
बसत बसत उतरताना,
आणि इथं, रबरी बुचाखाली,
पिवळट, निवळ, अंगठ्याएवढा.
त्यातली प्रथिनं अजून
हाका मारायच्या बेतात असल्यासारखी,
फक्त ऐकायला कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी डोंगरात सुरुंग उडाला.
खिडकीची काच थरथरली, रॅक जरासा सरकला.
कपाटांवर पुन्हा पांढरी पूड बसली,
मी बोटानं पुसली, बोट एप्रनला पुसलं.

मग मार्कर घेऊन मुगादम खोडलं,
वर मुकादम लिहिलं, नीट,
आणि नळी लाल पिशवीत टाकली.