दोन टिंबांनंतरचा आकडा

गंभीर, पत्रात लिहिलं होतं,
दहापैकी नऊ पूर्णांक आठ.
शाळेत मला एवढे कधी मिळाले नाहीत.

दांडिया बाजारात, लोखंडी जिन्याच्या वर,
एकेचाळीस वेबसाइटी सांभाळते मी:
कारेलीबागेतलं प्रसूतिगृह, रावपुऱ्यातला चष्मेवाला,
एक पतपेढी, जिचे चेअरमन
पासवर्ड फोनवर ओरडून सांगतात,
आणि एक बँडवाले. लग्नसराई आहे,
त्यांना बंद ठेवता येत नाही.

आधी बॅकअप, मग पॅच, मग पान उघडून बघायचं
बाळंतिणीच्या खोलीचे दर जागेवर आहेत ना.
निकुंजनं खालून सेव-उसळ आणली,
तर्री कीबोर्डवर सांडली.
मशीन विचारतं, पुढे जायचं? वाय की एन?
एन चिकटतंय. वायच.

बाराच्या सुमाराला चष्मेवाल्याच्या यादीत
एक नवा ॲडमिन दिसला.
जन्मवेळ रात्री नऊ सदतीस.
तेव्हा मी उसळीतला कांदा बाजूला काढत होते.
त्यानं काही नेलं नव्हतं, काही मोडलं नव्हतं.
भीती नाही वाटली. कोणी परकं
आपल्या स्वयंपाकघरात पाणी पिऊन
पेला विसळून पालथा घालून जावं,
तसं काहीतरी.
त्याला काढला. कुलपं बदलली. पुन्हा पहिल्यापासून
सगळ्या याद्या.

शेवटची तावऱ्यांची. घड्याळ दुरुस्ती, न्यायमंदिरामागे.
ते जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा मेलबर्नला,
वर्षाचे पैसे मीच भरते.
का, ते निकुंजही विचारत नाही.
आवृत्ती इतकी जुनी की पॅच बसेना.
बंद करायच्या आधी आत डोकावले, तर एक मसुदा,
कधीच प्रसिद्ध न केलेला:
"उद्यापासून दुकान दहाऐवजी अकराला उघडेल. गुडघा."

लॉगिन काढलं, डेटाबेस काढला,
दारंच काढून टाकली सगळी.
एक साधं पान राहिलं
आणि त्यावर मी ती ओळ लावली.

साडेपाचला चाळीस ठिकाणी
दोन टिंबांनंतरच्या चाराचा पाच झाला होता.
चेअरमनना फोन केला, नवा पासवर्ड दिला.
"साइट तर कालही चालूच होती," ते म्हणाले,
आणि बरोबर लिहिला का बघायला
एकेक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवलं,
एसटी स्टँडवरून.